राखून ठेवलेले दात

ड्यूई हसला, आणि रोवीनाच्या हातातलं उकडलेल्या घेवड्याचं पातेलं खाली आदळलं!

चर्चहून परतून सगळे नुकतेच जेवायला बसले होते. टेबलाच्या टोकाशी रोवीनाची आई, म्हणजे ओपल. तिच्या उजव्या हाताला रोवीनाची धाकटी बहीण मार्सेला, लेक्सिंग्टन शहरातली वकीलबाई, घराण्याचं भूषण! समोर मामेभाऊ ड्यूई, ज्याला या घराची फक्त रविवारी आठवण येई. आणि रोवीना उभी. ती या टेबलाशी निवांत बसलेली कुणी फारशी पाहिलीच नव्हती. वाढणारीने बसायचं नसतं, असा या घरातला न लिहिलेला कायदा होता, आणि कायदा मोडायला या घरात फक्त वकिलांना परवानगी होती.

ड्यूई हसला, तेव्हा तंबाखू चघळून चघळून तपकिरी झालेले, हिरड्यांपाशी दगडासारखं कीटण साचलेले त्याचे ते दात दिसायला हवे होते. ते दिसलेच नाहीत! त्यांच्या जागी एक लख्ख, निर्लज्ज पांढरी ओळ चमकत होती.

"बघितलंस?" मार्सेलाने टाळी वाजवली. "शुक्रवारी माझ्या डेंटिस्टकडे नेलं त्याला. अख्खी दुपार खपला बिचारा डॉक्टर. आता न्यायला हरकत नाही कुठंही."

"हे... हे तू केलंस?" रोवीनाने विचारलं.

"मग? मंगळवारी तुझी परीक्षा ना? याला नेणार होतीस ना तू? म्हटलं, असलं गटार घेऊन हा परीक्षकांपुढे आ करून बसणार, तर आपल्या घराची काय शोभा राहील! अगं, आभार तरी मान."

रोवीना फरशीवर बसून घेवड्याचे दाणे गोळा करू लागली. वर न बघताच ती म्हणाली, "मार्सेला, ती घाण काढायचीच परीक्षा आहे. माझ्या हातांनी. मी वर्षभर ती घाण राखून ठेवली होती... आणि तू ती काढून टाकलीस."

मग आई हसली. ती हसताना नेहमी डावा हात तोंडावर धरायची. तसा धरून, खांदे हलवत ती हसली.

"घ्या! ऐकलंत का? ही बाई वर्षभर ड्यूईच्या तोंडातली घाण राखत बसली होती! लोक सोनं राखतात, जमीन राखतात... हिचं हे कॉलेज म्हणजे काय एकेक!"

"मला वाटलं, स्वच्छ असलं तर बरं," ड्यूई पुटपुटला. त्याने तोंड मिटलं होतं. "रोवीना, मी तिला म्हणालो होतो गं, की तू नको म्हणालीयेस. पण ती म्हणाली, तुझ्यासाठी आश्चर्य आहे."

"आश्चर्यच आहे," रोवीना म्हणाली.

ज्याने असलं शिक्षण जवळून पाहिलेलं नाही, त्याला यातलं दुःख कळायचं नाही. कुणालाही प्रवेश देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीन शिकणाऱ्या मुलींना, म्हणजे लोकांचे दात साफ करायचं शास्त्र शिकणाऱ्यांना, शेवटच्या परीक्षेचा रोगी स्वतःच आणावा लागतो. आणि रोगीही असातसा चालत नाही. त्याच्या हिरडीखाली पुरेसं जुनं, टणक कीटण हवं. अशा माणसाला या मुली जिवापाड जपतात. दुकानात, पेट्रोलपंपावर, चर्चमध्ये भजन चाललेलं असताना त्यांचे डोळे लोकांच्या तोंडात असतात. सापडलाच एखादा, तर त्याला केक खाऊ घालतात, आर्जवं करतात, की बाबा रे, परीक्षा होईपर्यंत डेंटिस्टकडे जाऊ नकोस! ड्यूईचे एक्स-रे पाहून रोवीनाच्या शिक्षिकेचे, मिसेस हॅगार्टींचे, डोळे भरून आले होते. वर्गातल्या विशीतल्या पोरींनी हेव्याने सुस्कारे टाकले होते. चव्वेचाळीस वर्षांच्या रोवीनाचा कुणीतरी हेवा केला, असा तो आयुष्यातला पहिलाच दिवस!

आणि आज तो हेवा, ते वर्ष, सगळं लेक्सिंग्टनच्या डॉक्टरने खरवडून टाकलं होतं...

"जाऊ दे," आई ताट पुढे ओढत म्हणाली. "दात कोरून पोट भरलंय का कधी कुणाचं? ज्या वयात माणसं कवळी बसवतात, त्या वयात ही दुसऱ्यांचे दात घासायला निघालीय. आणि कॉलेज तरी कसलं! दाराला कडी नाही, सरळ चालत गेलं की आत. त्याला काय कॉलेज म्हणायचं? मार्सेला गेली ते कॉलेज. मक्याचा पाव आण, रोवीना. गार झाला असेल एव्हाना."

रोवीनाने मक्याचा पाव आणला.

तिने उत्तर दिलं नाही, कारण तिच्या मनात उत्तरांचं कोठार भरलेलं होतं आणि त्यातलं कोणतं आधी काढावं हेच तिला कळत नव्हतं. या घरात तिरस्कार तेवढा फुकट शिकायला मिळत होता, आणि रोवीना त्यात केव्हाच पारंगत झाली होती. आईच्या पाठीकडे बघून ती मनात म्हणायची, 'राणीसाहेब! राज्य किती, तर एक स्वयंपाकघर आणि एक ओसरी!' मार्सेलाकडे बघून म्हणायची, 'विद्यापीठाची पदवी आणि चहा करताना दूध कधी घालायचं ते माहीत नाही!' हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. तिच्या अंतःकरणात ते साचत जाई, थरावर थर, अगदी ड्यूईच्या दातांवरच्यासारखं...

सुरुवात फार जुनी होती. रोवीना अठराची असताना तिला नर्सिंगच्या शाळेत जायचं होतं. त्याच हिवाळ्यात वडील खाणीतून छातीत कोळशाची धूळ घेऊन घरी आले, ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. आई एका संध्याकाळी म्हणाली, "तुला डोकं नाही, रोवीना. तुझं नशीब घरातच आहे. डोकं मार्सेलाला आहे, तिला शिकू दे." आणि रोवीनाने ते मानलं! दोन वर्षांनी मार्सेला विद्यापीठात गेली. रोवीनाने वडिलांची थुंकी उचलली, ऑक्सिजनच्या नळ्या धुतल्या, गावच्या शाळेच्या मुदपाकखान्यात डाव हलवला. तिला मागणी घालायला आलेला एक तरुण तिचा नकार घेऊन परत गेला. वडील मरताना त्यांनी तिचा हात धरला होता; पण बोलायला त्यांच्याकडे श्वास उरला नव्हता.

त्यांना पुरून आल्यावर एका वर्षाने रोवीनाने त्या बिनकडीच्या दारातून आत पाऊल टाकलं. डोकं नसलेल्या त्या बाईने शरीरशास्त्राच्या पेपरात वर्गात पहिला नंबर काढला, तेव्हा ती घरी येऊन सांगायला गेली. आई म्हणाली, "तिथं बाकीच्या किती मूर्ख असतील मग!"

सोमवारी रोवीना गावभर हिंडली. पाइन फोर्क हे डोंगराच्या घळीत वसलेलं गाव. तिथं वाईट दातांची वाण नव्हती. पण ज्यांचे फार वाईट होते, त्यांचे ते उरलेच नव्हते, आणि ज्यांचे उरले होते त्यांना वर्गातल्या पोरींनी महिन्यापूर्वीच धरून ठेवलं होतं. लाकडाच्या वखारीतला म्हातारा तयार झाला, तर त्याच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तो चालणार नव्हता. न्हाव्याच्या बायकोने तोंडावरच सांगितलं, "रोवीना, मी तुझ्यापुढे आ करू? रविवारी चर्चमध्ये तुझ्या शेजारी बसायचंय मला!"

संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून मिसेस हॅगार्टींना फोन लावला.

"मला रोगी मिळाला नाही, बाई. मी उद्या येत नाही."

"मग पुढची परीक्षा वर्षभराने," पलीकडून आवाज आला. "आणि रोवीना, त्या दातांच्या दवाखान्याने तुमच्यासाठी नोकरी राखलीय..."

"ते वर्षभर थोडेच थांबणार! दुसरी कुणी घेतील."

"शेवटपर्यंत प्रयत्न करा. एक्स-रे सकाळी इथंच काढू. कुणीही आणा. पण आणा."

फोन ठेवून ती भिंतीला टेकली. खिडकीपाशी आई वाढदिवसाच्या केकसाठी वाळवलेली सफरचंदं निवडत बसली होती. येत्या रविवारी तिला पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आणि मार्सेलाने फोटो काढायला माणूस ठरवला होता. आईने मागे वळून पाहिलं नाही. पण तिच्या हातातलं सफरचंदाचं काप बराच वेळ हातातच राहिलं.

तेव्हा रोवीनाच्या मनात पहिल्यांदा तो विचार आला, आणि येताक्षणीच तिने तो झिडकारला. आईचे दात! या घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की ते तिचे स्वतःचे आहेत. आजीला लग्नात तिच्या बापाने भेट म्हणून सगळे दात उपटून कवळी बसवून दिली होती, म्हणजे नवऱ्याला पुढे खर्च नको. त्या डोंगरात तशी रीतच होती. ओपलच्या लग्नात बापाने तीच भेट देऊ केली, तर ओपल गोठ्याला आतून कडी लावून बसली, आणि दोन दिवस बाहेर आली नाही! तेव्हापासून तिने आपले दात राखले; पण डेंटिस्ट म्हणजे उपटणारा, ही भीती काही गेली नाही. ती कधी कुणाला तोंड दाखवत नसे. हसताना हात, फोटोत मिटलेले ओठ. आपल्या पोटच्या मुलींनाही तिच्या तोंडात काय आहे ते माहीत नव्हतं.

'हिच्यापुढे हात पसरू?' रोवीना मनात म्हणाली. 'त्यापेक्षा मुदपाकखान्यातला डाव बरा!'

सकाळी ती उठली, शाळेत कामावर जायचा कोट घातला आणि बाहेर आली, तर मोटारीच्या पुढच्या सीटवर आई बसलेली! चर्चचा निळा कोट, मांडीवर पर्स, आणि चेहरा असा की फासावर चाललीय.

"कुठं निघालीस?" रोवीनाने विचारलं.

"तुझ्या त्या बिनकडीच्या कॉलेजात. चल, किती वेळ बसवतेस थंडीत?"

"आई..."

"काही मनात आणू नकोस. मार्सेलाने मूर्खपणा केला, तो घराच्या नावावर राहायला नको, म्हणून येतेय. चालव."

रोवीनाने मोटार सुरू केली.

कॉलेजातल्या त्या लांब दालनात खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खुर्चीत कुणीतरी आ करून पडलेलं. पोरी निळ्या कपड्यांत लगबग करत होत्या. एकीने रोवीनाला बघून किंकाळीच फोडली, "आली! आपली मावशी आली!" मिसेस हॅगार्टींनी आईचे एक्स-रे काढायला लावले, ते दिव्यासमोर धरले, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "ड्यूईपेक्षा सरस," त्या हलकेच म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला, आणि भुवया खाली आल्या.

"बीपी फार वर आहे, बाई. इतकं असताना मी हात लावू देऊ शकत नाही. नियमच आहे. त्या बाजूच्या खोलीत थोडा वेळ शांत बसा. पुन्हा बघू. नाहीच उतरलं, तर..." त्यांनी रोवीनाकडे पाहिलं आणि वाक्य पुरं केलं नाही.

बाजूच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि प्लास्टरचा एक भलामोठा जबडा. आईच्या गळ्यात कागदी लाळेरं बांधलेलं. ते तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

आणि रोवीनाचा बांध फुटला!

"तू मुद्दाम आलीस! इथं येऊन बीपी चढवून घ्यायचं, म्हणजे मी तर आले होते बाई, हिचंच नशीब फुटकं, असं सांगायला मोकळी! तुला नकोच आहे मी पास व्हायला. अगं, एवढा कसला गं तुला माझा तिरस्कार? काय केलं मी तुझं? सव्वीस वर्षं तुझं घर धरून बसले, त्याबद्दल?"

आई प्लास्टरच्या जबड्याकडे बघत राहिली.

"मार्सेलाला डोकं नव्हतं गं," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणजे बेताचंच होतं. घोकून घोकून पास व्हायची. डोकं तुला होतं. तू सात वर्षांची असताना माझी चूक काढलीस, हिशोबातली. आठवतं? मी तुला थोबाडीत दिली होती." आईचा आवाज कोरडा होता, नेहमीसारखाच, जणू बाजारातलं काही सांगतेय. "तुझे वडील घरी आले. मला एकटीने झेपणार नव्हतं. दोघींतली एक घरी हवी. मार्सेलाला ठेवलं असतं तर तिने महिन्याभरात हाय खाल्ली असती. औषधं, नळ्या, ते खोकणं... ते तूच करू शकत होतीस. म्हणून तुला सांगितलं की तुला डोकं नाही."

रोवीना दुसऱ्या खुर्चीत बसली.

"तुला डोकं आहे म्हटलं असतं," आई म्हणाली, "तर तू गेली असतीस."

बाहेर कुणाचंतरी पाण्याचं यंत्र घरघरत होतं. रोवीनाला रडू येत नव्हतं. संतापही येत नव्हता. आपण जिच्या मूर्खपणाचा मनात उपहास करत आलो, ती मूर्ख नव्हतीच. ती सगळं जाणून होती! हे अधिक भयंकर होतं...

"आणि मी ते खरं मानलं," ती शेवटी म्हणाली. "सगळं आयुष्य. आरशात बघताना मी ते खरं मानत होते, आई."

"ठाऊक आहे."

"मग आता? आता तरी का? मी पहिला नंबर घेऊन आले, तेव्हा तू..."

"तू पास होत चाललीस, तसं तसं मी काय केलं ते मला दिसायला लागलं. रोज थोडं थोडं. तू नापास झाली असतीस, तर माझं खोटं खरं झालं असतं." आईने लाळेरं चुरगळलं. "मेलं मन. किती वाईट असतं बघ. पोटच्या पोरीने नापास व्हावं म्हणून मी चर्चमध्ये गुडघे टेकलेत."

मग रोवीना उठली आणि तिने आईचं चुरगळलेलं लाळेरं काढून नवं बांधलं. बोटं आईच्या मानेला लागली. ती मान तिला वाटली होती त्यापेक्षा किती तरी बारीक होती.

"मी तुला माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली.

"माफी मागितलीय कुणी? मी तोंड उघडायला आलेय. बोलव तुझ्या त्या बाईला."

मिसेस हॅगार्टींनी पट्टा बांधला, हवा सोडली, पुन्हा एकदा बांधला, सोडली. मग हसल्या. "चालेल," त्या म्हणाल्या. "आत्ता खोलीत काय केलंत, ते इतर मुलींनाही शिकवा."

आई खुर्चीत आडवी झाली. वरचा दिवा लागला. रोवीनाने हातमोजे चढवले, मुखपट्टी बांधली. आता तिचे फक्त डोळे दिसत होते. आईने त्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं. डावा हात सवयीने तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थबकला, आणि खाली येऊन खुर्चीचा दांडा धरून बसला.

तिने तोंड उघडलं.

किती लाजिरवाणं, किती उघडं होतं ते! खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची सलग भिंत उभी होती, जुन्या किटलीच्या तळाशी क्षार साचतात तशी. हिरड्या लाल, सुजलेल्या. वरची एक दाढ तुटकी. पण मुळं! रोवीनाने तपासायच्या बारीक सळईने एकेक चाचपलं. मुळं घट्ट होती. गोठ्यात कडी लावून बसलेल्या त्या नवऱ्या मुलीने राखलेले दात अजून हललेले नव्हते.

रोवीना कामाला लागली. हत्याराचं वाकडं टोक हिरडीखाली घालायचं, कीटणाची कडा शोधायची, आणि मनगटाने नव्हे, सगळ्या हाताने ओढायचं. तुकडा सुटला की खट् असा बारीक आवाज येतो. ती एकेक तुकडा काढत होती, आणि वाटत होतं, हा त्या हिवाळ्याचा. हा नर्सिंगच्या शाळेचा. हा परत गेलेल्या तरुणाचा... आई गप्प होती! पंचाहत्तर वर्षांत प्रथमच आईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून एकही टोमणा बाहेर पडत नव्हता. हा विचार येऊन रोवीनाला मुखपट्टीआड हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"दुखतंय?" तिने विचारलं.

आईने मान हलवली, नाही. पण तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघून कानांकडे ओघळत होतं. रोवीनाने कापसाने ते टिपलं, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या. आणि पुन्हा हत्यार उचललं.

परीक्षक आले, आरसा घालून बघितलं, सळई फिरवली, काही न बोलता कागदावर खुणा करून पुढे गेले. आईने चूळ भरली, जीभ दातांमागे फिरवली आणि दचकून उठून बसली.

"अगं, इथं फट आहे! तू काय काढलंस माझं?"

"ती फट तुझीच आहे, आई. पहिल्यापासून होती. भरून गेली होती."

आई कितीतरी वेळ जीभ फिरवत राहिली. "वारा लागतो," ती म्हणाली.

तीन दिवसांनी निकाल आला. रोवीना पास झाली.

रविवारी मार्सेला आली, ती फुलं घेऊन, फोटोवाला घेऊन आणि डोळे सुजवून. रोवीनाची परीक्षा आणि नोकरी कशी बुडणार होती, ते सगळं ड्यूईने तिला फोनवर ऐकवलं होतं. ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"रोवीना, मला खरंच माहीत नव्हतं गं. मला वाटलं, मदत होईल..."

"तीनदा सांगितलं होतं तुला," रोवीना भांडी विसळत म्हणाली. तिच्या आवाजात जुना गारठा होता. "पण माझं कॉलेज ऐकण्याजोगं कुठं होतं?"

"तू गप्प बस," आई मार्सेलाला म्हणाली. "त्या खुर्चीत बस. आ कर."

"आई, काहीतरीच काय!"

"आ कर म्हणते ना! मी नाही केला परक्या माणसांपुढे? तुझ्या त्या लेक्सिंग्टनवाल्याने फक्त पॉलिश केलं असेल. रोवीना, बघ हिच्या तोंडात."

मार्सेला रागारागाने बसली. रोवीनाने खिडकीच्या उजेडात तिची हनुवटी वर केली, आणि मनात नेहमीचं वाक्य तयार ठेवलं, 'बघू या वकीलबाईंचे मोती!' ते वाक्य मनातच विरलं. मोत्यांसारख्या त्या दातांच्या कडा झिजून सपाट झाल्या होत्या. दाढांचे उंचवटे घासून गुळगुळीत. एका दाढेला उभा तडा.

"कधीपासून झोपेत दात खातेस?" तिने हलकेच विचारलं.

मार्सेलाने तोंड मिटलं.

"विद्यापीठात गेले तेव्हापासून," ती म्हणाली. "आई दर आठवड्याला फोनवर सांगायची, रोवीनाने तुझ्यासाठी घर धरलंय, नापास झालीस तर तिच्या आयुष्याची माती होईल. मला काही यायचं नाही गं! मला रोज वाटायचं, आज कुणीतरी दार उघडून म्हणेल, ही नव्हे, हिची बहीण यायची होती. अजून वाटतं. कोर्टात उभी राहते तेव्हाही..."

आणि ती वकीलबाई, घराण्याचं भूषण, रोवीनाच्या ओल्या एप्रनमध्ये तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागली! रोवीनाचे हात हवेत तसेच राहिले. सव्वीस वर्षं ती जिला सुखी समजून तुच्छ मानत आली, ती जवळजवळ तितकीच वर्षं अंधारात आपलेच दात झिजवत होती... तिने हात खाली घेतले, आणि मार्सेलाचं डोकं धरलं.

"रात्री घालायचं एक आच्छादन मिळतं दातांवर," ती म्हणाली. "माप मी घेते. मला येतं."

आई खिडकीबाहेर बघत होती. दोघींना एका खोट्याने बांधलं होतं तिने, एकीला तुच्छतेने, दुसरीला भीतीने. तिने नाक ओढलं.

"पुरे आता. फोटोत नाकं लाल येतील. आणि रोवीना, ती भांडी ठेव. तू मध्ये बसायचंस."

ओसरीवर खुर्च्या मांडल्या. मध्ये रोवीना, उजवीकडे आई, डावीकडे मार्सेला. ड्यूई मागे उभा राहिला, ओठ गच्च मिटून.

"तू का नाही हसत रे?" फोटोवाल्याने विचारलं.

"मी पुन्हा तंबाखू सुरू केलीय," ड्यूई गंभीरपणे म्हणाला. "रोवीनाला पुढे कधी आणखी परीक्षा द्यायची झाली, तर? हाताशी असावं थोडं."

आधी रोवीना हसली. मग मार्सेला, रडता रडता. आणि मग आई, खांदे हलवत, पोटातून. तिचा डावा हात उठला... पण रोवीनाने तो वाटेतच धरला, आणि मांडीवर आपल्या हातात घट्ट ठेवून घेतला. फोटोवाल्याने कळ दाबली, तेव्हा ओपल हसत होती, तिच्या सगळ्या दातांनिशी.